बारा व्होल्टांचा शिरस्तेदार

मोटारगाडी सुरू न होणे ही आपल्या समाजात फार वर्षे एक सार्वजनिक घटना होती, आणि तीत भाग घेण्यास गाडीची मालकी, यंत्रशास्त्राचे ज्ञान किंवा कोणाचे निमंत्रण यांपैकी कशाचीही अट नसे. फियाट किंवा अँबॅसडर बाळगणारा एखादा गृहस्थ पौषातल्या गारठ्यात सकाळी कामावर निघावा, किल्ली फिरवताच स्टार्टरने दोन-चार वेळा खर्जात कण्हून मौन धरावे, आणि ते मौन कानी पडताच वरच्या मजल्यांच्या कठड्यांशी दात घाशीत उभ्या असलेल्या मंडळींनी तोंडातला फेस कसाबसा आवरून खाली धाव घ्यावी, हा क्रम इतका ठरलेला असे की मालकास कोणाला हाक म्हणून मारावी लागत नसे. बॉनेट उघडले जाई. त्यात वाकलेल्या मस्तकांची एवढी दाटी होई की खुद्द मालकास आपलेच इंजिन दिसेनासे होई. एक जण चोक ओढा म्हणे, दुसरा ओढलेला चोक आत ढकला म्हणे. तिसरा प्लग काढून, पॉलिशपेपरने घासून, तो उजेडाकडे धरून त्याच्या फटीचे माप नुसत्या डोळ्यांनी घेई. आणि चौथा, ज्याने जन्मात सायकलीखेरीज वाहन बाळगलेले नसे, तो ‘कचरा आला असेल’ एवढेच बोलून बाजूस होई, आणि पुष्कळदा त्याचेच खरे निघे.

एवढ्यानेही काही निष्पन्न झाले नाही म्हणजे डिकीतून हँडल निघे. हँडल मारणे ही अभ्यासाने साध्य होणारी विद्या होती, आणि तिचा पहिला पाठ असा, की दांडा धरताना अंगठ्याने त्याला विळखा घालू नये, तो उरलेल्या चार बोटांच्याच अंगाला ठेवावा. कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर बोटे सुटून हात वाचतो, आणि अंगठा अडकला तर मनगट हाडवैद्याच्या स्वाधीन होते. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने विजेचा स्टार्टर सिद्ध केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसवला गेला, त्यास अर्धशतक उलटून गेले तरी आपल्याकडे हँडलाने डिकीतले आपले ठाणे सोडले नव्हते. हँडलही हरले की धक्का. मालक आत बसून दुसरा गिअर टाकी आणि क्लच दाबून धरी. मागे हात लावणाऱ्यांत रस्त्याने चाललेला पोस्टमन आणि भाजीची पिशवी बगलेत मारलेला एखादा पेन्शनर हटकून असे. गाडीने वेग घेतला की ‘सोडा!’ अशी एकमुखी आरोळी उठे, क्लच सुटे, गाडी एक गचका देऊन धूर ओकी, आणि ढकलणारे सर्व जण त्या धुराकडे कृतार्थ दृष्टीने पाहत, हात झटकीत आपापल्या उद्योगास लागत.

हायब्रिड गाडीने ही सारी वतने एका फटक्यात खालसा केली. तिच्यात पेट्रोलचे इंजिन आहे, विजेच्या मोटरी आहेत, दोनशे व्होल्टांच्या आसपासची एक भलीथोरली बॅटरी आहे आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारे संगणक आहेत. नाही ती एवढीच तजवीज, की ती सुरू न झाल्यास चार भल्या माणसांनी काय करावे.

मुळात अशा गाडीबाबत ‘सुरू होत नाही’ या तक्रारीतच एक पेच आहे, तो असा, की ती सुरू झाली हे कळावे तरी कसे? गाडी सुरू झाल्याची साक्ष आपण पिढ्यानपिढ्या कानाने काढत आलो. इथे कान निरुपयोगी. ब्रेकवर पाय देऊन बटण दाबले की समोरच्या पडद्यावर ‘रेडी’ असा हिरवा शब्द उमटतो आणि गाडी जाण्यास सिद्ध होते; इंजिन मात्र त्याला वाटेल तेव्हा, म्हणजे कधीकधी कोपऱ्यावरचा चौक ओलांडल्यावर, जागे होते. नवख्या मालकास हे पटत नाही. तो बटण दाबतो, कान देतो, काही ऐकू येत नाही म्हणून पुन्हा दाबतो, आणि त्या दुसऱ्या दाबण्याने सुरू झालेली गाडी बंद करतो. मग तिसऱ्याने सुरू करतो, चौथ्याने बंद करतो, आणि हा क्रम मनगटात गोळे येईपर्यंत चालवून शेवटी कंपनीच्या नावाने अर्ज लिहावयास बसतो. दुसरा एक वर्ग ब्रेकवर पाय न देताच बटण दाबणाऱ्यांचा. ब्रेकविना बटण दाबले तर गाडी सुरू होत नाही, नुसती तिची रोषणाई सुरू होते. रेडिओ लागतो, पडदा उजळतो, आणि मालक समजतो की गाडी नव्वद टक्के सुरू झाली असून उरलेल्या दहा टक्क्यांत काहीतरी बिघडले आहे. तिसरा प्रकार खिशातल्या किल्लीचा. तिच्या पोटात रुपयाएवढा चपटा सेल असतो. तो संपला की गाडी आपल्या धन्यास ओळखत नाही, आणि मग ती किल्लीच त्या बटणाला टेकवून ओळख पटवावी लागते. दांडा ‘पी’वर नसणे हा चौथा. या चारांत गाडीचा दोष रतिमात्र नसतो, आणि म्हणूनच ते कोणी लवकर कबूल करत नाही.

परंतु आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त तहसीलदारांच्या गाडीचे प्रकरण या चारांत बसणारे नव्हते. त्यांना सारी सोसायटी रावसाहेब म्हणते; तालुका म्हणत असे, तेच पुढे चालू राहिले. हायब्रिड गाडी घेताना त्यांनी जी मसलत केली होती ती त्यांच्या खात्यास शोभेल अशीच होती: पेट्रोल संपले तर वीज आहे, वीज संपली तर पेट्रोल आहे, म्हणजे दोन जामीनदार असलेला हा व्यवहार बुडणे अशक्य. महिनाभर मुलीकडे बंगळूरला राहून ते परतले आणि दुसऱ्याच दिवशी चिंचवडला मुंजीस जाण्याकरता, उपरणे खांद्यावर टाकून, वहिनींना घेऊन सकाळी खाली आले. किल्लीचे बटण त्यांनी लांबून दाबले, मग जवळून दाबले, मग काचेला चिकटवून दाबले. गाडीने डोळाही उघडला नाही.

“काय झालं, रावसाहेब?” तळमजल्यावरच्या काकांनी पायरीवरूनच विचारले.

“काही होत नाहीये, हेच झालंय,” रावसाहेब म्हणाले.

त्या गाडीच्या किल्लीच्या पोटात पत्र्याची एक खरीखुरी किल्ली दडवलेली असते, आणि दाराच्या कडीशी, रंगाच्या टोपणाखाली, तिच्यासाठी एक खरेखुरे कुलूपही ठेवलेले असते, ही माहिती काकांच्या नातवाने पुरवली. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दार उघडले. रावसाहेब आत बसले, ब्रेकवर पाय ठेवून त्यांनी बटण दाबले, आणि आतून टक-टक-टक असा बारीक आवाज येऊन पडद्यावर एकाच वेळी इतके तांबडे-पिवळे इशारे उमटले की त्यांतला कोणता वाचावा हे ठरण्याच्या आत सर्व मावळले. एका इशाऱ्यात हायब्रिड यंत्रणा तपासावी असे होते, दुसऱ्यात ब्रेकविषयी काही होते, तिसरा सुकाणूबद्दल होता. माझे असे निरीक्षण आहे की यंत्राने एक दोष सांगितला तर तो खरा असण्याचा संभव असतो. त्याने एकदम दहा दोष सांगितले तर त्याला धड बोलण्यापुरतीही वीज मिळत नाही एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. पण रावसाहेबांचा चेहरा उतरला. “मोठी बॅटरी गेली,” ते म्हणाले. “लाखांत जाणार.”

तोपर्यंत मंडळी जमली होती, आणि जमलेल्या मंडळींचे हात शिवशिवत होते. सोसायटीचे चिटणीस, जे पाण्याच्या पंपापासून पाहुण्यांच्या पोटदुखीपर्यंत सर्व विषयांवर ठराव मांडू शकतात, त्यांनी बाह्या सारल्या आणि ‘चला, एक धक्का मारू’ असे जाहीर केले. नातवाने त्यांना थांबवले. या गाडीत पायाखाली क्लच नाही. चाकांच्या गतीने इंजिन फिरवून घ्यावे असा मार्गच ठेवलेला नाही. इंजिन फिरवण्याचे काम मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटर करते, आणि तिला आज्ञा मिळाल्याखेरीज ती जागची हलत नाही. बरे, सुरू करण्यास नको, निदान वाटेतून बाजूस सारण्यास तरी ढकलू, तर चाके अडकवणारे कुलूपही विजेचेच. दांडा ‘पी’वरून काढण्यास वीज पाहिजे. चिटणीसांनी बाह्या खाली घेतल्या. त्यांच्या मुद्रेवर त्या क्षणी जे दिसले ते मी संस्थाने विलीन झाल्यावरच्या काही छायाचित्रांत पाहिले आहे.

मदतीच्या क्रमांकावर दूरध्वनी झाला. पलीकडून एका मंजुळ ध्वनिमुद्रणाने आपली भाषा निवडण्यास सांगितले, मग विमा निवडण्यास, मग थांबण्यास. आणि पुष्कळ सनई ऐकवून झाल्यावर आलेल्या जिवंत माणसाने पहिला प्रश्न केला तो हा, की आपण सुरक्षित ठिकाणी आहात का. रावसाहेबांनी आजूबाजूच्या मंडळींवरून एकवार नजर फिरवली आणि त्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. गाडी न्यायची तर सपाट पाठीच्या ट्रकवरच चढवून न्यावी लागेल, असे ठरले. कारण ज्या चाकांना मोटर जोडलेली आहे ती जमिनीवर फिरवीत ओढली तर मोटर उलट वीज तयार करू लागते आणि नसता खर्च निघतो. परंतु तसा ट्रक आमच्या कमानीखालून आत येत नाही. वहिनींनी हे सर्व संभाषण शांतपणे ऐकले, आहेराचे पाकीट पर्समध्ये नीट ठेवले, आणि “मी रिक्षानं पुढं होते, मुहूर्त काही तुमच्या गाडीसाठी थांबायचा नाही,” असे म्हणून त्या गेल्याही.

मग नातवाने वरून मीटर आणला. आता मौज अशी, की त्या गाडीत जी बॅटरी मोजावयाची होती ती डिकीत, तळाच्या फळीखाली, उजव्या कोपऱ्यात होती. आणि डिकीची कडी विजेवर उघडणारी होती. बॅटरी मेली म्हणून डिकी उघडत नाही आणि डिकी उघडत नाही म्हणून बॅटरी काढता येत नाही. बांधणाऱ्यांना मात्र ही अडचण आधीच सुचली असावी. कारण बॉनेट, जे पायाजवळची खिटी ओढून जुन्या रीतीने उघडते, त्याच्याखाली फ्यूजांच्या पेटीत एका लाल झाकणाआड त्यांनी त्या मागच्या बॅटरीचे एक टोक आणून ठेवले होते. नातवाने मीटरची लाल तार तिथे व काळी तार इंजिनाच्या उघड्या धातूला लावली. बारा व्होल्टांची बॅटरी निरोगी व विसावलेली असताना साडेबारांच्या किंचित वर दिसते. इथे आकडा नवाच्या आसपास घुटमळत होता.

“हे काय?” रावसाहेब म्हणाले. “ही तर साधी बॅटरी. आमची ती दोनशे व्होल्टांची आहे ना, तिचं बघ.”

“आजोबा, ती ठीकच असणार. तिच्यापर्यंत निरोपच पोचत नाहीये.”

आणि मग त्या मुलाने जे सांगितले ते असे. मोठी बॅटरी गाडीशी कायमची जोडलेली नसते. तिच्या आणि बाकीच्या यंत्रणेच्या मध्ये जाडजूड रिले असतात आणि गाडी बंद असताना ते उघडे, म्हणजे वाट तोडून, बसलेले असतात. ते मिटावेत अशी आज्ञा संगणक देतो. संगणक चालतो तो बारा व्होल्टांच्या लहान बॅटरीवर. रिले ओढून धरण्यासही वीज तिचीच. लहान बॅटरी झोपली की संगणक जागा होत नाही, संगणक जागा झाला नाही की आज्ञा निघत नाही, आणि आज्ञा निघाली नाही की मोठी बॅटरी आपले सर्व सामर्थ्य उराशी धरून जागच्या जागी बसून राहते.

रावसाहेबांनी हे डोळे मिटून ऐकले, आणि डोळे उघडले तेव्हा त्यांत ओळखीची चमक होती. “म्हणजे असं म्हण की,” ते सावकाश म्हणाले, “कलेक्टरसाहेब बंगल्यात ठणठणीत आहेत, खजिना भरलेला आहे, पण शिरस्तेदार आला नाही म्हणून जिल्हा बंद आहे.”

मला वाटते, या गाडीच्या रचनेचे याहून नेमके वर्णन तिच्या माहितीपुस्तकातही सापडणार नाही. कलेक्टरास अधिकार अपार. परंतु दप्तर शिरस्तेदाराच्या ताब्यात, शिक्का त्याच्या कुलपात, जावक क्रमांक त्याच्या वहीत, आणि तो क्रमांक पडला नाही तोवर साहेबांचे फर्मान हा नुसता कागद. साहेबांनी स्वतः जाऊन शिरस्तेदाराला उठवावे म्हटले तर तशी वहिवाट नाही. साहेबांनी काहीही करायचे ते शिरस्तेदारामार्फतच. यापुढचा भाग नातवाने सांगितला तेव्हा रावसाहेब मांडीवर थाप मारून हसले. हायब्रिड गाडीत जुन्या गाडीसारखा अल्टरनेटर नसतो; लहान बॅटरी भरली जाते ती मोठ्या बॅटरीतल्या विजेचा दाब उतरवून, आणि तीही गाडी ‘रेडी’ असतानाच. म्हणजे शिरस्तेदाराचा पगार साहेबांच्या खजिन्यातून, आणि खजिना उघडावयास शिरस्तेदाराची सही. “छत्तीस वर्षं नोकरी केली रे,” ते म्हणाले, “ही गाडी जपान्यांनी बांधली म्हणतात, पण आराखडा महसूल खात्यातून गेलेला दिसतो.”

थट्टा बाजूस ठेवली तर ही रचना शहाणपणाची आहे, असेच मी म्हणेन. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या प्रियस गाडीतली मोठी बॅटरी १६८ सेलांची आणि २०१.६ व्होल्टांची होती. एवढ्या दाबाची वीज मनुष्याचा प्राण घेऊ शकते. जिच्या तारा मुद्दाम नारिंगी वेष्टणात घातलेल्या आहेत अशी ती वीज आपल्या पत्र्याच्या डब्यातून कोणी हुकूम दिल्याखेरीज बाहेर पडू नये, आणि अपघात झाला तर हुकूम आपोआप रद्द होऊन ती आतच कोंडली जावी, याकरता दाराची किल्ली दुबळ्याच्या हाती दिलेली आहे. बलवान मनुष्य स्वतःच्या दाराची किल्ली स्वतःकडे ठेवतो तेव्हा शेजाऱ्यांना जे सोसावे लागते, त्यापेक्षा हे बरे.

रावसाहेबांना धीर यावा म्हणून मी त्यांना एक ऐतिहासिक दाखलाही दिला. पेट्रोल आणि वीज एकाच गाडीत नांदवण्याची कल्पना नवी नाही. फर्डिनांड पोर्शे याने व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यासाठी १९०० च्या सुमारास अशी गाडी करून दाखवली होती. परंतु ती घरोघरी पोचवण्याचा पहिला मान प्रियसचा, जी डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीस आली. आणि ताकेशी उचियामादा यांच्या नेतृत्वाखाली तिचा पहिला नमुना १९९५ च्या अखेरीस सिद्ध झाला तेव्हा तो जागचा हललाच नाही. निवडक अभियंत्यांचे ते पथक रात्रंदिवस त्याच्याभोवती बसून होते, आणि तो हलला ४९ दिवसांनी. हलला तोही सुमारे ५०० मीटर. जगातल्या पहिल्या लोकप्रिय हायब्रिड गाडीने आपल्या जन्मदात्यांना दीड महिना तिष्ठत ठेवले. “मग माझी एक मुंज काय घेऊन बसलात,” रावसाहेब म्हणाले, आणि उपरणे काढून त्यांनी ते गाडीच्या आरशावर अडकवले.

आता प्रश्न असा, की शिरस्तेदार आजारी आहे हे आधी कळले का नाही? जुनी गाडी याबाबतीत मोठी बोलकी होती. तिच्या बॅटरीला स्टार्टर फिरवावा लागे, त्यासाठी शेकडो अँपिअरचा ओघ एका दमात द्यावा लागे, आणि बॅटरी थकू लागली की स्टार्टरचा स्वर रोज थोडा थोडा खाली येई. मालकास पंधरा दिवस आधी सूचना मिळे, ती तो ऐकून न ऐकल्यासारखी करी तो भाग वेगळा. हायब्रिडच्या लहान बॅटरीवर ही कसरत पडतच नाही. तिला फक्त संगणक जागवायचे आणि रिले ओढायचे, ज्याला फारशी वीज लागत नाही. म्हणून ती मरणोन्मुख होईतो आपले नेहमीचे काम बिनबोभाट करते, आणि एके दिवशी करत नाही. दीर्घ सेवेतल्या माणसांविषयी रावसाहेबांचाही अनुभव असाच होता; तो त्यांनी सांगितला, पण त्यात नावे होती.

आणि तिचा प्राण जातो तो बहुधा मालकाच्या सुखाच्या दिवसांत. गाडी नुसती उभी असली तरी तिची पहारेकरी यंत्रणा जागी असते; चोरीची घंटा कान टवकारून असते, किल्ली जवळ आली का हे गाडी थोड्याथोड्या वेळाने चाचपत असते, आणि किल्ली गाडीच्या जवळच्याच भिंतीवर, खुंटीला लटकत असेल तर दोघींचा संवाद रात्रभर चालतो. त्यात कोणी काचेवर रस्त्याचे चित्रीकरण करणारा कॅमेरा बसवून घेतलेला असतो, तोही गाडी बंद असताना त्याच बॅटरीचे दूध पितो. महिनाभराचे बंगळूर म्हणजे महिनाभराचा हा पाझर. दुसरा मार्ग रेडिओ ऐकण्याचा. वहिनी मंडईत गेल्या असता रावसाहेब गाडीत बसून, ब्रेक न दाबता बटण दाबून, नाट्यसंगीत ऐकत असत, आणि इतकी मोठी बॅटरी मागे असताना चिंता कसली, असे त्यांना वाटे; परंतु त्या अवस्थेत मोठ्या बॅटरीची वाट तुटलेलीच असते आणि सगळी मैफल एकट्या शिरस्तेदाराच्या खर्चाने चालते. ऐकायचेच असेल तर गाडी ‘रेडी’ करून ऐकावे. मग इंजिन अधूनमधून आपणहून सुरू होईल आणि बंद होईल, त्याकडे लक्ष देऊ नये.

उपाय अखेर काकांकडून आला. काकांकडे एक जुनी मारुती ८०० आहे, जिचा रंग मूळचा कोणता यावर सोसायटीत दोन पक्ष आहेत. ती काकांनी हायब्रिडच्या नाकाला नाक लावून उभी केली. वॉचमनने कुठूनशा जंपर केबल आणल्या. लाल तारेचे एक टोक त्या लाल झाकणाखालच्या खुणेला, दुसरे मारुतीच्या बॅटरीच्या अधिक चिन्हाला. काळीचे एक टोक मारुतीच्या वजा चिन्हाला, आणि दुसरे हायब्रिडच्या रंग न दिलेल्या उघड्या लोखंडाला. हा क्रम नातू मोठ्याने म्हणत होता आणि चिटणीस त्याची रुजुवात घेत होते, कारण इथे लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर फ्यूजपासून पुढे किती जळेल याला सुमार नाही. मारुती थोडा वेळ सुरू ठेवली. रावसाहेबांनी ब्रेकवर पाय दिला, बटण दाबले. मागून कुठूनतरी ‘खट्’ असा भारदस्त आवाज आला, म्हणजे रिले मिटले, म्हणजे साहेबांची स्वारी कचेरीत आली. आणि पडद्यावर ‘रेडी’ उमटले. इंजिनाचा आवाज अर्थातच नव्हता. जमलेल्यांपैकी निम्म्या लोकांना गाडी सुरू झाली हे पटलेच नाही, आणि ते ‘अजून प्रयत्न करा’ म्हणत राहिले.

उलट बाजूने हा व्यवहार होत नाही, हे इथेच नोंदवतो. उद्या काकांची मारुती अडली आणि रावसाहेबांनी उपकाराची फेड म्हणून आपल्या हायब्रिडची लहान बॅटरी तिला जोडू म्हटले, तर बहुतेक माहितीपुस्तके तसे करू नका म्हणून बजावतात. स्टार्टरला लागणारा तो शेकडो अँपिअरचा ओघ देण्याचा त्या बॅटरीचा आणि तिच्या वायरिंगचा वकूब नाही. काकांना हे सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून लिफ्टमध्ये रावसाहेब भेटले की ते गाडीची चौकशी जरा मोठ्या आवाजात करतात.

त्याच दुपारी बॅटरीवाला येऊन डिकीतली बॅटरी बदलून गेला. जुनी पाच वर्षांची झाली होती. मोठ्या बॅटरीला कोणी बोट लावले नाही, लावण्याचे कारणही नव्हते. तिच्यावर बहुतेक कंपन्या आठ वर्षांची हमी देतात, आणि जिच्यावर कोणी बोलत नाही ती लहानच आधी जाते.

ज्यांच्या दारी अशी गाडी आहे त्यांस एवढीच विनंती, की लहान बॅटरीला तीन-चार वर्षे होऊन गेली असतील तर तिची मीटरवर तपासणी करून घ्यावी, गणपतीला गावी जाण्यापूर्वी तर अवश्य; किल्लीच्या पोटातली पत्र्याची किल्ली एकदा बाहेर काढून, ती दाराला लागते की नाही हे घाई नसताना पाहावे; बॉनेटखालचे ते लाल झाकण, असल्यास, नेमके कुठे आहे ते दिवसाउजेडी बघून ठेवावे; आणि नारिंगी तारांना, घरातला मुलगा अभियांत्रिकीच्या कितव्याही वर्षाला असला तरी, हात लावू देऊ नये.